चुडाव्याच्या डोक्यावरची रेघ

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात चुडावा नावाचं गाव आहे. पूर्णा जंक्शनहून नांदेडकडं निघालेली गाडी चुडावा, लिंबगाव ही स्टेशनं मागं टाकत नांदेडला पोचते. बाहेरच्या माणसाला या गावाची ओळख बहुधा एवढीच. आज मला बोलायचं आहे ते दोन विमानतळांमधल्या अंतराबद्दल, आणि सुरुवात करतो आहे ती विमानतळ नसलेल्या या गावापासून. त्याला कारण आहे.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. मुंबईतला छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि नांदेडचा श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ, या दोन ठिकाणी ठिपके द्या आणि पट्टी ठेवून रेघ ओढा. रेघ जवळजवळ आडवी येईल. कारण ही दोन्ही ठिकाणं एकोणीस अंश अक्षांशाच्या थोडी वर, म्हणजे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. सह्याद्री ओलांडून, गोदावरीच्या खोऱ्यातून पूर्वेकडं सरकत ही रेघ नांदेडला टेकण्याच्या जरा आधी चुडाव्याच्या जवळून जाते.

तिची लांबी काढायला संगणक लागत नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. उत्तरेकडं जावं तसा तो आखडत जातो आणि आपल्या एकोणीस अंशांवर सुमारे १०५ किलोमीटर भरतो. मुंबईचा विमानतळ ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे, नांदेडचा ७७.३२ अंशांवर. फरक ४.४५ अंशांचा. गुणाकार करा, उत्तर ४६७-४६८ किलोमीटरच्या घरात येतं. हेच अंतर रेल्वेनं मनमाड-औरंगाबाद मार्गे सहाशेच्या थोडं वर जातं. म्हणजे विमानाचा पक्षी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वाचवतो.

वेळेचं काय? नांदेडसारख्या धावपट्टीवर बरीच वर्षं दोन पंख्यांची, सत्तर-बहात्तर आसनांची विमानं उतरत आली. त्यांचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हवेतला प्रवास तासाभराचा. वर चढणं, खाली उतरणं, धावपट्टीकडं सावकाश जाणं हे धरून वेळापत्रकात सव्वा ते दीड तास लिहितात. विमान कंपन्यांची ही वेळ मोजायची रीतही सांगण्यासारखी आहे. उभ्या विमानाच्या चाकांना अडणी लावलेली असते. ती काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडच्या विमानतळावर पुन्हा अडणी लागली की घड्याळ बंद. वाऱ्याचाही हिशोब असतो. हिवाळ्यात आपल्याकडं वरच्या थरांत पश्चिमेचा वारा जोरात असतो. म्हणून मुंबईहून नांदेडला येणारं विमान जरा लवकर पोचतं आणि तेच परत जाताना काही मिनिटं जास्त घेतं.

मग चुडावा मुंबईपासून किती लांब आहे? तासाभराच्या अंतरावर, की रात्रभराच्या? या प्रश्नाचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं. गंमत अशी, की दर वेळी ते वाहनाच्या वेगामुळंच बदललं असं नाही. ती हकिकत आज सांगायची आहे.

आपल्या जुन्या बोलीत अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. गाव किती लांब, तर दोन मुक्कामांवर. मजल दरमजल करत माणसं जायची, आणि मजल म्हणजे एका दिवसात तुटेल एवढी वाट. कोस हे माप होतं, पण तेही मुलखागणिक लहान-मोठं. पावसाळ्यात नदीला पूर असला की चार कोसांवरचं गाव चार दिवसांवर जाई, आणि ते कुणाला चुकीचं वाटत नसे. बैलगाडीनं दिवसाला पंचवीस किलोमीटर तुटले असं धरलं, तर नांदेड भागातून मुंबई गाठायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असते. तेवढ्या वाटेवर घाट, नद्या आणि जनावरांची वैरण यांची सोय पाहायची, ती वेगळीच. साहजिकच साधा माणूस त्या वाटेला जातच नसे.

वाट सोडून नुसती सरळ रेघ मोजायची, ही कल्पना आपल्या मुलखात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक पायाची रेघ मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी पुनःपुन्हा अंथरत हे काम सत्तावन्न दिवस चाललं होतं. पुढं त्याला प्रत्येक ठिकाणी साखळी अंथरायची गरज नव्हती. पायाच्या रेघेच्या दोन टोकांवरून दूरची टेकडी पाहायची, कोन मोजायचे, त्रिकोण पूर्ण करायचा. त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माळ दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडं सरकत गेली. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं आणि ते टेकड्यांवर चढवावं लागे.

ही माळ साधारण ७८ अंश रेखांशाच्या बाजूनं निजामाच्या मुलखातून, बिदरच्या परिसरातून वर गेली. हा रेखांश नांदेडपासून पूर्वेला सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. १८१८ साली लॅम्बटनच्या हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट आला. गोदावरी आणि कृष्णा यांच्यामधल्या जंगलात तापानं त्याला आणि त्याच्या माणसांना घेरलं. लॅम्बटन कामावरच गेला. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा भागातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कबर तिथंच आहे. एव्हरेस्टनं पुढं ही माळ डेहराडूनच्या पायथ्यापर्यंत नेली. जगातल्या सगळ्यात उंच शिखराला त्याचं नाव मिळालं, पण पायाची साखळी अंथरणारा माणूस आपल्या हिंगणघाटात झोपला आहे, हे आपल्यातल्याच पुष्कळांना माहीत नसतं.

या मोजणीनं अक्षांश-रेखांश पक्के झाले. कुठल्याही दोन गावांमधलं सरळ अंतर कागदावर काढता येऊ लागलं. पण हे अंतर कुणी चालू शकत नव्हतं. डोंगर, नद्या, घाट यांना न विचारता काढलेली ती रेघ होती. ती प्रत्यक्ष वापरात यायला विमानाची वाट पाहावी लागली.

मधल्या काळात आली रेल्वे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावानं सिकंदराबाद ते मनमाड असा मीटरगेज मार्ग टाकला गेला आणि १९०० च्या सुमारास तो पुरा झाला. निजामाच्या राज्यातली रेल्वे कंपनी तो चालवीत असे. निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं एका दोरीत ओवली गेली. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. तीन आठवड्यांची मुंबई एका झटक्यात दीड-दोन दिवसांच्या आत आली. मराठवाड्याच्या इतिहासात अंतर एवढं आखडण्याचा प्रसंग त्याआधी आला नव्हता, आणि माझ्या मते त्यानंतरही आला नाही.

रेल्वेबरोबर घड्याळाचा प्रश्नही आला. त्या काळात देशातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालत. मुंबई शहराची वेळ मात्र मुंबईच्या सूर्यावर, आणि ती मद्रासपेक्षा अर्धा तास मागं. गाडीच्या घड्याळानं सहा वाजता उतरलेल्या माणसाला शहराच्या घड्याळात साडेपाच वाजलेले दिसत. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत जुनी ‘मुंबई टाइम’ कुठं कुठं १९५५ पर्यंत वापरात होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागं असे. हे ऐकताना हसू येतं, पण त्यामागचा हिशोब बरोबर आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. नांदेड आणि मुंबईत साडेचार अंशांचं अंतर, म्हणजे नांदेडला सूर्य डोक्यावर आला की मुंबईच्या डोक्यावर तो अठरा मिनिटांनी येतो. आपल्या या रेघेवरचा सगळ्यात वेगवान प्रवासी अजून तोच आहे.

आता विमानाकडं येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन छोटं विमान उडवलं, अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतातल्या नियमित विमानसेवेची ही सुरुवात. आमच्या भागाचा तिच्याशी संबंध आला तो हैदराबादमार्गे. १९४५ साली हैदराबाद संस्थानाचं सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली. युद्धातून उरलेली डकोटा विमानं बेगमपेठच्या विमानतळावरून उडू लागली. १९५३ साली देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये मिळाली. त्या विमानांतून जाणारे लोक म्हणजे अधिकारी, व्यापारी, जहागीरदार. गोदाकाठच्या शेतकऱ्यासाठी विमान म्हणजे आभाळातला आवाज.

तो आवाज भीतीचाही होता. १९४८ साली हैदराबाद संस्थानची नाकेबंदी झाली होती आणि गावोगाव रझाकारांचा जुलूम चालला होता. त्या काळात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमानं भरून शस्त्रं आणत होता. युद्धातल्या बॉम्बफेकी विमानांवरून बनवलेली लँकास्ट्रियन जातीची मोठी विमानं त्यासाठी वापरली गेली, आणि बिदर, वरंगळ इथल्या धावपट्ट्यांवर ती उतरत. कराची ते बिदर हे सरळ अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. जमिनीवरून चारही बाजूंनी भारतानं वेढलेलं राज्य आभाळातून मात्र चार-एक तासांच्या अंतरावर होतं. सरळ रेघेची ताकद काय असते, ते त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिसलं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आलं. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

त्यानंतर लगेचच, १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली. मला ती फार आवडते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान नागपूरचा. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानानं पाठवायची पद्धत पडली. पुढं काही काळ या फेऱ्या डेक्कन एअरवेजनंही केल्या. ज्या माणसानं विमानात कधी पाय ठेवला नाही, त्याचं पोस्टकार्ड विमानात बसून आलं. विमानाचा वेग सामान्य माणसापर्यंत पोचायला त्याला तिकीट काढावंच लागतं असं नाही, फेरी मात्र रोजची असावी लागते. ती सेवा पुढं दोन दशकांहून जास्त काळ चालली.

आता या हकिकतीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य संपलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठी माणसं एका राज्यात आली, आणि ती आमच्या लोकांची मनापासूनची इच्छा होती. पण या दिवसाकडं जरा अंतराच्या नजरेनं पाहा. नांदेडच्या धावपट्टीपासून हैदराबादचा विमानतळ सरळ रेघेत सुमारे २४५ किलोमीटर. मुंबईचा ४६८. म्हणजे एका रात्रीत चुडाव्याची राजधानी जवळपास दुप्पट लांब गेली. कुठलाही रूळ उखडला नाही, कुठलाही पूल पडला नाही, तरी सचिवालय, उच्च न्यायालय, बदलीचा अर्ज, पेन्शनची फाइल हे सगळं दुप्पट अंतरावर गेलं.

आणि रेल्वेच्या वाटेनं दुपटीहूनही जास्त. हैदराबादला जायला इथं गाडीत बसलं की तिथं उतरायचं. रूळ एकाच मापाचे, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईकडं मात्र मनमाडपर्यंत मीटरगेज आणि पुढं ब्रॉडगेज. मनमाडला उतरायचं, बोचकी-वळकट्या घेऊन दुसरी गाडी पकडायची. लेकरं, म्हातारी माणसं, आजारी माणूस यांना घेऊन मध्यरात्री मनमाडच्या फलाटावर काढलेले तास आमच्याकडच्या जुन्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक घराला आठवतात. त्या तासांची नोंद नकाशावर नव्हती.

म्हणूनच रुंदीकरण हा आमच्याकडं चळवळीचा विषय झाला. स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. रूळ किती रुंद असावेत यासाठी माणसांनी मोर्चे काढावेत, हे बाहेरच्याला नवल वाटेल. पण मागणी होती ती मनमाडच्या फलाटावरचे तास परत मिळवण्याची. १९९० च्या दशकात मनमाडकडून काम सरकत आलं, औरंगाबाद, परभणी, पूर्णा करत नांदेडपर्यंत ब्रॉडगेज झालं आणि मुंबईची गाडी थेट धावू लागली. त्याआधी १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आलं होतं. अंतर कमी करण्याचा तोही एक मार्ग. माणसानं राजधानीला जाण्यापेक्षा राजधानीतलं काम माणसाकडं येतं.

नांदेडला धावपट्टी मात्र जुनीच होती. सार्वजनिक बांधकाम खात्यानं ती १९५८ साली बांधली, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर दोनच वर्षांनी. पुढची पन्नास वर्षं ती मुख्यतः मंत्र्यांच्या आणि सरकारी विमानांच्या कामाची राहिली. १७०८ साली नांदेडला गुरू गोबिंद सिंगजी यांनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं, त्याला २००८ साली तीनशे वर्षं झाली. गुरुतागद्दीच्या त्या सोहळ्यासाठी जगभरातून भाविक येणार म्हणून धावपट्टी वाढवली गेली, ती २३०० मीटरची झाली, नवी इमारत उभी राहिली. मुंबईचं विमान सुरू झालं. आमच्या भागात तिकीट काढून कुणालाही बसता येईल असं विमान आलं.

ते टिकलं नाही. ही सेवा चालवणारी किंगफिशर कंपनी २०१२ साली पूर्णच बंद पडली. मग काही वर्षं ठणठणाट. २०१७ मध्ये केंद्राची ‘उडान’ योजना आली. लहान गावांच्या विमानसेवेला सरकारनं तोट्याची भरपाई द्यायची, त्या बदल्यात कंपनीनं निम्म्या जागा साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आत द्यायच्या, आणि ही मदत तीन वर्षं, असा तिचा साचा. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून या योजनेतल्या पहिल्या विमानांना निरोप दिला, त्यात नांदेड-हैदराबाद हे एक होतं. लक्षात घ्या, नव्या योजनेतलं आमचं पहिलं विमान जुन्या राजधानीकडं गेलं! त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईचं विमान परत आलं, आणि डिसेंबरात अमृतसरचंही.

अमृतसरचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. नांदेड ते अमृतसर सरळ अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर, जेट विमानानं अडीच तासांच्या आसपास. चुडाव्यावरून जाणारी सचखंड एक्सप्रेस तेवढ्यासाठी दोन हजार किलोमीटरच्या आसपास धावते आणि दीड दिवस घेते. तरीही दोन तख्तांना जोडणारी ही गाडी भरून जाते, आणि वाटेत तिच्या प्रवाशांना लंगर मिळतो. विमान आलं म्हणून गाडी रिकामी झाली नाही. पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदेड-हैदराबाद आणि नांदेड-मुंबई चालवणाऱ्या ट्रूजेटची विमानं थांबली. ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरनं पुन्हा नांदेडहून उड्डाणं सुरू केली, हैदराबाद, बंगळूर, दिल्लीजवळचं हिंडन अशा ठिकाणांसाठी. त्या सुरुवातीच्या यादीत मुंबई नव्हती.

आता दोन हिशोब समोरासमोर ठेवू. समजा मुंबईचं विमान आहे, आणि चुडाव्याच्या एका घरातून एका आजारी माणसाला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जायचं आहे. नांदेडच्या विमानतळापर्यंत पाऊण-एक तास. विमान सुटण्याच्या आधी दीड-दोन तास हजर राहायचं. हवेत आणि धावपट्टीवर सव्वा ते दीड तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. अंधेरीहून परळपर्यंत तास-दीड तास. बेरीज सहा तासांच्या घरात जाते. रेल्वेनं रात्रीची गाडी धरली तर बारा तासांच्या आसपास. २६ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली, तिला साडेनऊ तास लागतात. म्हणजे वेळापत्रकावर विमान रेल्वेच्या सात-आठ पट वेगवान. घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या पायरीपर्यंत मोजलं तर फार तर दुप्पट.

हा झाला विमान असल्याच्या दिवसाचा हिशोब. विमान नसल्याच्या दिवशी रेघेची लांबी तेवढीच राहते, ४६८ किलोमीटर, पण वेळेच्या रकान्यात लिहायला काहीच उरत नाही. २०१२ ते २०१७ या वर्षांत, आणि २०२२ नंतर पुन्हा, नांदेड-मुंबई विमानाचा वेळ हा निव्वळ कागदावरचा आकडा होता. कागदावर एक तास आणि प्रत्यक्षात कधीच नाही! उलट रूळ पाहा. १९०० पासून त्यांच्यावरची गाडी हळू होती, मधे बदलावी लागत होती, उशिरा येत होती, पण येत होती. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली खरी, तेव्हा सगळा देशच थांबला होता, आणि देश हलू लागला तशी तीही हलली. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्गही झाला, त्यामुळं समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं कमी झालं. याची बातमी कुणी पहिल्या पानावर छापली नसेल, पण चुडाव्याची मुंबई त्यानं खरोखर जवळ आली.

मी विमानाच्या विरोधात नाही. अवयव न्यायचा असेल, बाहेरच्या डॉक्टरांना तातडीनं आणायचं असेल, उद्योगधंद्याच्या माणसानं सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं असेल, तर विमानाला पर्याय नाही. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीचा तरुण बाहेर जातो तो परत यावा असं वाटत असेल, तर येण्याची वाट सोपी हवीच. माझं म्हणणं एवढंच, की ठिकाण जवळ येतं ते वेगानं कमी आणि भरवशानं जास्त. रात्रीचं विमानटपाल रोज जायचं, म्हणून त्यानं देश जवळ आणला. मीटरगेजची गाडी रोज यायची, म्हणून तिनं मराठवाडा घडवला. चार दिवस आलेलं आणि पाचव्या वर्षी गेलेलं विमान लोकांच्या सवयीत शिरत नाही. माणसं त्याच्यावर दवाखान्याची तारीख ठरवत नाहीत, मुलीचं शिक्षण ठरवत नाहीत, धंदा तर नाहीच नाही.

तेव्हा यापुढं एखाद्या नव्या विमानसेवेच्या उद्घाटनाला ‘अमुक शहर आता पंचावन्न मिनिटांवर’ अशी जाहिरात वाचली, तर तीन साधे प्रश्न विचारावेत. आठवड्यातून किती दिवस? सरकारी मदत संपल्यावर किती वर्षं? आणि धावपट्टीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या चुडाव्यासारख्या गावातून विमानतळापर्यंत जायचं कसं? अक्षांश-रेखांशावरचं अंतर लॅम्बटनच्या साखळीनं दोनशे वर्षांपूर्वीच मोजायला घेतलं होतं. उंबरठ्यापासूनचं अंतर अजून आपणच मोजायचं आहे, आणि ते मोजायला मजल हा आपला जुना शब्द आजही पुरतो.